एकाच सुराची वाद्यं

विजेच्या वाद्यांचा इतिहास बहुतेक ठिकाणी इंजिनियरांपासून सुरू होतो. मला तो सेलोवादकांपासून सुरू करावासा वाटतो. पेत्रोग्रादचा लेव्ह तेर्मेन आणि पॅरिसचा मोरिस मार्तनो या दोघांनी 1920 च्या दशकात विजेचा सूर मैफलीत आणून बसवला, आणि दोघांचेही हात सेलोवर तयार झालेले होते. सेलो म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातलं, गुडघ्यांमध्ये धरून बसून वाजवायचं मोठं वाद्य. त्याच्या गळ्यावर पडदे नसतात. बोट तारेवर कुठेही टेकवता येतं, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत नेता येतं, आणि उजव्या हातातला गज त्या सुराला फुगवतो, बारीक करतो, थांबवतो. असा हात घेऊन माणूस व्हॉल्व्ह आणि कंडेन्सरच्या जंजाळात शिरला तर तिथे काय शोधील? या दोघांनी मींड शोधली.

तेर्मेनचा जन्म 1896 चा, सेंट पीटर्सबर्गचा. क्रांतीनंतरच्या धामधुमीत तो आब्राम योफे या भौतिकशास्त्रज्ञाच्या संस्थेत काम करत होता. वायूंचे विद्युत गुणधर्म मोजणारं एक उपकरण जोडताना त्याच्या लक्षात आलं, की हात जवळ नेला की हेडफोनमधली शिट्टी चढते आणि लांब नेला की उतरते. त्यामागचं कारण असं : उपकरणात रेडिओच्या कंपनसंख्येची, कानाला मुळीच ऐकू न येणारी दोन आंदोलनं चालू असतात. एक स्थिर असतं. दुसरं जवळ आलेल्या हातामुळे किंचित बदलतं, कारण हात आणि धातूची दांडी मिळून एक कंडेन्सरच तयार होतो. या दोन आंदोलनांमधला फरक तेवढा कानाच्या आवाक्यात येतो, आणि तोच आपल्याला सूर म्हणून ऐकू येतो. दुसरा कुणी ही शिट्टी म्हणजे उपकरणातला बिघाड समजून ती घालवण्याच्या मागे लागला असता. तेर्मेनने तिच्यावर गाण्याच्या चाली वाजवून पाहिल्या.

1920 च्या सुमारास तयार झालेल्या या वाद्याला पुढे त्याचंच नाव मिळालं, थेरमिन. उजव्या हाताला उभी दांडी, तिच्यापासून हात किती लांब यावर सुराची उंची. डाव्या हाताला धातूचं आडवं कडं, त्याच्यापासूनच्या अंतरावर आवाजाचा लहानमोठेपणा. वाद्याला स्पर्श कुठेच करायचा नाही. मार्च 1922 मध्ये तेर्मेनने ते क्रेमलिनमध्ये लेनिनला वाजवून दाखवलं. 1927 मध्ये जर्मनी, फ्रान्स, इंग्लंड असा दौरा करून वर्षअखेरीस तो न्यूयॉर्कला पोचला आणि दहाएक वर्षं तिथेच राहिला.

लोकांना नवल वाटलं ते हवेतून सूर काढण्याचं. वाजवणाऱ्यापुढचा प्रश्न निराळा होता. बोट टेकायला तार नाही, पट्टी नाही, काहीच नाही. खांदा हलला तरी सूर हलतो. अशा वाद्यावर शास्त्रशुद्ध वाजवता येईल हे सिद्ध करायला व्हायोलिनचा कान लागला. क्लारा रॉकमोर ही व्हिल्नियसमध्ये 1911 साली जन्मलेली मुलगी व्हायोलिनमध्ये इतकी तयार होती, की अगदी लहान वयात तिला सेंट पीटर्सबर्गच्या संगीत विद्यालयात प्रवेश मिळाला होता. पुढे हाताच्या दुखण्याने व्हायोलिन सुटलं आणि न्यूयॉर्कमध्ये थेरमिन हाती आलं. तिने हवेतल्या हवेत बोटांची एक पद्धत बसवली. मूठ मिटलेली, अर्धी उघडलेली, बोटं ताणलेली, अशा ठरलेल्या मुद्रांमधून ती एका सुरावरून दुसऱ्यावर घसरण न येऊ देता जाऊ शके. तिने तेर्मेनकडे मागण्याही केल्या : वाद्याचा पल्ला तीन सप्तकांवरून पाच सप्तकांवर न्या, डाव्या हाताचा प्रतिसाद जलद करा, म्हणजे तुटक सूर काढता येतील. त्याने तसं वाद्य तिच्यासाठी बांधलं. ऑक्टोबर 1934 मध्ये न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये तिची मैफल झाली. 1977 साली तिची ध्वनिमुद्रिका निघाली तेव्हा पियानोवर तिची बहीण नादिया रायझेनबर्ग होती. मोजकेच सूर, मागे एक पियानो, आणि त्या रचनांमध्ये सेलोवादकांचा जीव की प्राण असलेला, फ्रेंच संगीतकार सॅं-साँसचा ‘हंस’ही होता. थेरमिन म्हटलं की भुताच्या सिनेमातला आवाज ज्यांना आठवतो त्यांनी ही मुद्रिका ऐकावी. इतका माणसाजवळचा सूर मी विजेच्या दुसऱ्या वाद्यातून क्वचितच ऐकला आहे.

आता या सगळ्या वाद्यांमधली एक गोष्ट, माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. थेरमिनमधून एका वेळी एकच सूर निघतो. दोन सूर एकत्र वाजवता येत नाहीत, पियानोसारखा सुरांचा जोडघोस तर नाहीच. पुढे जी दोन वाद्यं येणार आहेत, त्यांचीही हीच मर्यादा. पाश्चात्त्य संगीतात एकट्या सुरावर भागत नाही, एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या आधारावर तिथलं सगळं उभं असतं. मग करायचं काय? एकतर पियानोवाल्याला शेजारी बसवायचं, नाहीतर तीच वाद्यं तीन, चार, सहा मिळून वाजवायची. चेंबर म्युझिक म्हणजे एका दालनात मावेल इतक्याच वादकांचं, प्रत्येकाने आपापला एकच भाग सांभाळून एकमेकांचं ऐकत वाजवायचं संगीत. विजेची वाद्यं त्या दालनात आली ती बऱ्याच अंशी या अडचणीपोटी. एकट्याने पुरं पडता येत नव्हतं, म्हणून.

1930 साली तेर्मेनने न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये एकदम दहा थेरमिन वाजवून दाखवली. ऑस्ट्रेलियन संगीतकार पर्सी ग्रेंजर याने 1936 च्या सुमारास चार थेरमिनसाठी एक लहानशी रचना लिहिली. तिच्यात सूर कुठे थांबत नाहीत, पायऱ्यांवरून चढत नाहीत, ते सतत वाहत राहतात. पण दालनातलं खरं घर थेरमिनला मिळालं ते बोहुस्लाव मार्टिनू या चेक संगीतकाराच्या रचनेत. त्यामागे होती लुसी बिगेलो रोझेन. तिने आणि तिच्या पतीने न्यूयॉर्कमधलं आपलं एक घर तेर्मेनला काम करायला दिलं होतं, ती त्याच्याकडे शिकली होती आणि या वाद्यासाठी संगीतकारांकडून नव्या रचना लिहवून घेत होती. जर्मन सैन्य पॅरिसवर चालून आलं तेव्हा पळालेला मार्टिनू 1941 मध्ये अमेरिकेत पोचला होता. 1944 मध्ये त्याने लुसीसाठी थेरमिन, ओबो, पियानो आणि तंतुवाद्यांची चौकडी यांची फँटसी लिहिली. सात जणांत थेरमिन एक. मार्टिनूने त्याला चमत्कार म्हणून पुढे काढलं नाही. चौकडीच्या सुरांतूनच ते वर येतं आणि ओबो या लाकडी फुंकवाद्याच्या शेजारी जाऊन उभं राहतं. नवख्या कानाला काही जागी कळणारही नाही की आता वाजतंय ते लाकूड, तार की वीज. नोव्हेंबर 1945 मध्ये टाउन हॉलमध्ये ती पहिल्यांदा वाजली.

तेर्मेन ती ऐकायला नव्हता. 1938 मध्ये तो रशियाला परतला होता, 1939 मध्ये पकडला गेला, कोलिमाच्या छळछावणीत गेला आणि पुढे कैदी शास्त्रज्ञांच्या कोठडीवजा प्रयोगशाळेत राबला. 1991 मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, तो पुन्हा अमेरिकेत गेला आणि क्लाराला भेटला.

जर्मनीत गोष्ट वेगळ्या दाराने आत आली. बर्लिनच्या संगीत महाविद्यालयात 1928 मध्ये रेडिओच्या ध्वनीवर प्रयोग करणारा एक विभाग उघडला होता. तिथे फ्रीडरिश ट्राउटवाइन या इंजिनियरने 1930 मध्ये ट्राउटोनियम बांधलं. एका धातूच्या पट्टीवर ताणलेली तार, तिच्यावर बोट दाबायचं. जिथे ती पट्टीला टेकेल तिथे सूर. तारेवरची जागा बदलली की विजेला होणारा विरोध बदलतो, आणि त्याबरोबर एक निऑनचा दिवा किती वेगाने उघडमीट करतो तेही. हा कच्चा सूर खरखरीत असतो, मग गाळण्यांतून नेऊन त्याला ‘आ’, ‘ओ’ अशा स्वरांचा आकार द्यायचा. त्याच महाविद्यालयात रचना शिकवणारा पाउल हिंडेमिट हा उत्तम व्हायोला वाजवणारा. म्हणजे इथेही बिनपडद्याच्या तारेवर फिरणारी बोटं आहेतच. त्याने तीन ट्राउटोनियमसाठी सात छोटे तुकडे लिहिले, ‘छोट्या विद्युतवादकाचे आवडते’ अशा लाडिक नावाने. वाद्यंही तेव्हाच तयार होत होती. 20 जून 1930 ला ते तिघांनी वाजवले : वरचा भाग स्वतः हिंडेमिटने, मधला त्याचा विद्यार्थी ओस्कार साला याने, खालचा पियानोवादक रूडोल्फ श्मिट याने. फक्त विजेच्या वाद्यांसाठी लिहिलेल्या चेंबर संगीतातल्या अगदी पहिल्या रचनांपैकी ही एक. ऐकताना मात्र तिचं वळण जुनंच वाटतं. एकाने बोलावं, दुसऱ्याने त्याचं वाक्य उचलावं, तिसऱ्याने खालून आधार द्यावा.

टेलिफुंकेन कंपनीने 1933 मध्ये घरोघरी जाईल असं ट्राउटोनियम बाजारात आणलं. त्याला गिऱ्हाईक जवळजवळ मिळालंच नाही. नाझींनी 1936 मध्ये हिंडेमिटच्या संगीतावर बंदी घातली आणि तो देश सोडून गेला. साला मात्र मरेपर्यंत, 2002 पर्यंत, या एका वाद्याला चिकटून राहिला. हिचकॉकच्या ‘द बर्ड्स’ या सिनेमातला पक्ष्यांचा कलकलाट त्याच्याच हातचा.

आता मार्तनो. 1898 मध्ये जन्मलेला हा सेलोवादक पहिल्या महायुद्धात बिनतारी संदेशांच्या विभागात होता. यंत्रातल्या व्हॉल्व्हमधून निघणारे शुद्ध सूर त्याच्या कानात तिथेच बसले. तत्त्व तेर्मेनचंच, दोन आंदोलनांमधल्या फरकाचं. पण मार्तनोला हवेत चाचपडणं मान्य नव्हतं. 1928 मध्ये पॅरिसच्या ऑपेरात त्याने आपलं वाद्य लोकांपुढे ठेवलं, त्यात वादक एक दोरा ओढून सूर चढवत-उतरवत होता. पुढे त्या दोऱ्यात अंगठी आली. वादकाने ती तर्जनीत घालायची आणि पट्ट्यांच्या समोरून डावी-उजवीकडे सरकवायची, म्हणजे कुठे कोणता सूर आहे ते डोळ्यांना दिसतं आणि मींड हवी तेवढी घेता येते. मग खरोखरच्या पट्ट्याही आल्या. त्या पट्ट्या आडव्या किंचित हलतात, बोट थरथरवलं की सुराला कंप येतो.

पण या वाद्याचा जीव आहे डाव्या हाताच्या बाजूच्या लहानशा खणात. तिथे एक कळ असते. तिच्या खाली चामड्याच्या पिशवीत वीजवाहक भुकटी. कळ दाबावी तसा विजेचा मार्ग मोकळा होतो आणि आवाज फुगतो, सोडली की शून्य. उजव्या हाताने कितीही सुंदर सूर धरा, डाव्या हाताने कळ दाबल्याशिवाय तो कुणालाच ऐकू येणार नाही. सेलोवादकाला हे समजावून सांगावं लागत नाही. ही कळ म्हणजे गज, फक्त हात उलटे झालेले. मार्तनोने बांधलेल्या या वाद्याला ‘ओंद मार्तनो’ म्हणतात. पेटीवर मींड निघत नाही म्हणून आपल्याकडे गायकांनी पिढ्यान्‌पिढ्या जी हळहळ केली, तिचं उत्तर त्या काळी पॅरिसमध्ये एका पट्ट्यांच्या वाद्यात तयार होतं. 1938 मध्ये रवींद्रनाथ टागोर आणि भारतीय संगीताचे फ्रेंच अभ्यासक आलाँ डानिएलू यांच्याशी आलेल्या संबंधातून मार्तनोने भारतीय संगीतातले सूक्ष्म स्वर काढता येतील असा एक नमुनाही केला. तो पुढे रुजला असता तर आपल्या मैफलींत काय घडलं असतं, हा विचार मला अजून सोडत नाही.

मार्तनोची बहीण जिनेत ही या वाद्याची पहिली मोठी वादक. फ्रेंच संगीतकारांपैकी मियोने 1933 मध्ये ओंद आणि पियानोसाठी रचना केली, जोलिव्हेने 1935 मध्ये. आणि 1937 साली पॅरिसमध्ये जागतिक प्रदर्शन भरलं. रात्री सेन नदीवर कारंजी, रंगीत दिवे, शोभेची दारू आणि संगीत यांचे खेळ व्हायचे. त्यांतल्या एका खेळाचं संगीत ऑलिव्हिए मेसियाँ या अठ्ठावीस वर्षांच्या ऑर्गनवादकाकडे आलं. त्याने ते सहा ओंद मार्तनोंसाठी लिहिलं, ‘सुंदर जळांचा उत्सव’. मोकळ्या नदीवर लाउडस्पीकरमधून ऐकवायचं संगीत, आणि त्याची घडण मात्र दालनातल्या षट्काची. दारूकामासाठी उसळणारे तुकडे, आणि मध्ये दोनदा येणारा ‘पाणी’ नावाचा भाग : खाली बाकीच्यांचे हलके जोडसूर, वर एकच ओंद, अतिशय संथ, थांबायचं नावच न घेणारी चाल.

तीन वर्षांनी मेसियाँ सैन्यात होता, जून 1940 मध्ये पकडला गेला. त्याला नेलं गॉर्लिट्झ या जर्मन गावाजवळच्या युद्धकैद्यांच्या छावणीत. ती जागा आज पोलंडमध्ये आहे. तिथे त्याला तीन वादक कैदी भेटले : क्लॅरिनेटवादक आंरी आकोका, व्हायोलिनवादक जाँ ल बुलेर, आणि पास्किए त्रिकुटातला नामांकित सेलोवादक एतियेन पास्किए. कार्ल-आल्बेर्ट ब्रुल नावाच्या एका जर्मन पहारेकऱ्याने लिहायला कागद मिळवून दिला. पास्किएसाठी गावातून एक सेलो विकत आणला गेला. हे तिघे आणि पियानोवर स्वतः, अशा चौघांसाठी मेसियाँने आठ भागांची चौकडी रचली, ‘काळाच्या अंतासाठी’. त्यातले दोन भाग त्याने आपल्या जुन्या रचनांतून घेतले. शेवटचा भाग 1930 च्या एका ऑर्गनच्या रचनेतला. आणि पाचवा, फक्त सेलो आणि पियानो यांचा, तो म्हणजे सेनवरच्या कारंज्यांचं ते ‘पाणी’. 15 जानेवारी 1941 च्या संध्याकाळी छावणीतल्या एका बराकीत, काही शे कैदी आणि पुढच्या रांगेत जर्मन अधिकारी यांच्यासमोर ती वाजली.

मेसियाँने चाल जवळजवळ तशीच ठेवली. पाच ओंदांचे जोडसूर पियानोकडे दिले, सहाव्याची ओळ सेलोकडे. गतीही तीच संथ ठेवली, इतकी, की मिनिटाला 44 मोजायच्या त्या पावमात्रा. ओंदवर हे सहज होतं. कळ दाबून धरली तर सूर हवा तितका वेळ टिकतो, वीज दमत नाही. सेलोचा गज मात्र संपतो. हाताच्या लांबीएवढाच तो, टोकाला पोचला की उलटा फिरवायलाच हवा, आणि फिरवला हे ऐकणाऱ्याला कळता कामा नये. गज हळू ओढला तर सूर फाटतो, वेगाने ओढला तर तो अर्ध्यावरच संपतो. या भागाची जी ख्याती आहे, त्यातला विलक्षण ताण, सूर आता तुटेल असं वाटत असताना तो न तुटणं, हे सगळं यातून आलेलं आहे असं माझं स्पष्ट मत आहे. सेलोसाठी सेलोच्या सोयीने लिहायला बसलेला संगीतकार अशी ओळ लिहिताच ना. ती विजेच्या सुरासाठी सुचली आणि माणसाच्या दंडावर येऊन पडली.

याच चौकडीच्या पहिल्या भागात पियानोचा लयबंध तीन देशी तालांवर बांधलेला आहे : रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश. मेसियाँला ते मिळाले एका फ्रेंच संगीतकोशात छापलेल्या शार्ङ्गदेवाच्या 120 देशी तालांच्या यादीतून. शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला तेराव्या शतकात, यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने, आपल्या देवगिरीला. दौलताबादच्या किल्ल्यावर जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असतं? तिथे नोंदलेले ताल सातशे वर्षांनी जर्मनांच्या तुरुंगात वाजले, हे मला शाळेच्या पाठ्यपुस्तकात असायला हवं होतं असं मनापासून वाटतं.

युद्धानंतर पॅरिसच्या संगीत महाविद्यालयात 1947 मध्ये ओंदचा वर्ग सुरू झाला, शिकवायला स्वतः मार्तनो. 1949 मध्ये बॉस्टनला लिओनार्ड बर्नस्टाइनच्या हाताखाली मेसियाँची ‘तुरंगलीला’ सिम्फनी वाजली, नाव संस्कृत आणि ओंदवर जिनेत. पुढे झान लोरियो या वादिकेने सहा ओंदांचा संच उभा केला आणि प्रदर्शनाच्या दिव्यांबरोबर विझून गेलेलं ते षट्क पुन्हा मैफलीत आणलं. मेसियाँनेही या वाद्याची साथ सोडली नाही. 1983 च्या त्याच्या एकमेव ऑपेरात तीन ओंद आहेत. पण जगभर सेलोचे विद्यार्थी आज तो पाचवा भाग रियाजाला घेतात, तेव्हा ही ओळ मुळात विजेसाठी लिहिली होती हे त्यांतल्या पुष्कळांना माहीत नसतं. म्हणून वाटतं, कुणीतरी हे दोन्ही एकाच संध्याकाळी, मध्ये काहीही न घालता वाजवावं. आधी सहा ओंदांचं ‘पाणी’, लगेच सेलो आणि पियानो. वर चढत जाणाऱ्या ओळीत गज कुठे फिरला हे शोधत ऐकावं, आणि आधीच्या वाद्याला तो फिरवावाच लागला नव्हता हे तेव्हा कानात ताजं असावं.